नावं संपेपर्यंत मी विझणार नाही

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि बाकी काही सांगायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी चोर नाही. माझ्याबद्दल शाळेत काय काय बोललं गेलं ते मला सगळं ठाऊक आहे. कपाटाचं दार लावलं म्हणजे आतल्याला ऐकू येत नाही, असं थोडंच आहे! म्हणून मित्रांनो, आज मी माझी कैफियत स्वतःच मांडणार आहे. जिथे माझं चुकलं तिथे चुकलं म्हणेन. जिथे चुकलं नाही, तिथे समोर मुख्याध्यापक असोत की आणखी कुणी, मी मान खाली घालणार नाही. तसंही मला मान नाही. मला एक भिंग आहे आणि ते सरळ समोर बघतं.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला थर्माकोलशिवाय काहीच आठवत नाही. माझी पहिली नोकरी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत होती. खोली गार, खुर्च्या गुबगुबीत, आणि काम काय, तर तक्ते दाखवायचे. उत्पादनाचा तक्ता, पाळ्यांचा तक्ता, मग पुन्हा उत्पादनाचा तक्ता. आठ वर्षं मी हे केलं. त्या आठ वर्षांत माझ्या उजेडात कुणी हसल्याचं मला स्मरत नाही. झोपलेले मात्र पुष्कळ पाहिले.

मग भिंतीवर भला मोठा टीव्ही आला आणि मी जिन्याखाली गेलो. तिथून कंपनीने मला हुडकेश्वरच्या एका शाळेला 'सप्रेम भेट' दिलं. माझं वजन जेमतेम तीन किलो, पण भेट देतानाच्या फोटोत मला सहा जणांनी धरलं होतं. फोटो झाल्यावर सहाही जण आपापल्या गाड्यांत बसून गेले आणि मला न्यायला उरले शाळेचे शिपाई ओमप्रकाशभाऊ. त्यांनी मला बायकोच्या शालीत गुंडाळून पोटाशी बांधलं आणि मोटारसायकलवरून हिंगण्याहून हुडकेश्वरला आणलं. प्रत्येक गतिरोधक आला की ते एक हात माझ्यावर ठेवायचे.

शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "धक्का नाही लागला ना गा?"

मित्रांनो, आठ वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. त्या क्षणापासून मी ओमप्रकाशभाऊंचा झालो, आणि पुढे त्यांच्या हातून जी चूक झाली तीही मी माझीच मानतो.

शाळा दुमजली, साधी. गवंडीकाम करणाऱ्यांची मुलं तिथे येतात, ऑटो चालवणाऱ्यांची येतात, हिंगण्याला पाळीवर जाणाऱ्यांची येतात. पडदा म्हणून एक पांढरी चादर होती, कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लावलेली. खिडक्यांवर दवाखान्याचे जुने फ्लेक्स उलटे करून लावले की वर्गात अंधार व्हायचा. शनिवारी सकाळची शाळा असते. त्यातले शेवटचे दोन तास माझे आणि गोपिका मॅडमचे.

गोपिका मॅडम भूगोल शिकवतात. त्यांचं म्हणणं असं की, ज्या पोरांनी वर्धा नदीसुद्धा पाहिली नाही त्यांना हिमनदी फळ्यावर खडूने कशी काढून दाखवायची? म्हणून त्यांनी घरून लॅपटॉप आणला, आणि घरचंच एक व्हिडिओचं खातं त्यावर उघडलं. महिन्याला पैसे भरले की हवं ते पाहता येतं, तसलं खातं. त्याचा पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून तो त्यांनी माझ्या डोक्यावर लावला. म्हणजे घरातली किल्ली शाळेच्या दाराला लटकली म्हणा ना! पण तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही. मला तर ती पट्टी टिळ्यासारखी वाटायची.

त्या खात्यावर काटोलला त्यांच्या सासूबाई, यमुताई, मालिका पाहायच्या. एकदा हिमनदी अर्ध्यावर आली असताना चादरीवर अक्षरं उमटली की या खात्यावर एकाच वेळी फार जण पाहत आहेत. मॅडमनी वर्गातूनच फोन लावला.

"आई, तुमची मालिका दहा मिनिटं थांबवता का? माझा तास सुरू आहे."

पलीकडून यमुताईंचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू आला. "काहून वं गोपिका? आता तर तिचं लग्न लागून राहिलं!"

वर्ग खो-खो हसला. लग्न लागल्यावरच हिमनदी पुढे सरकली. पुढच्या शनिवारी मुलांनी आधी विचारलं की नवरी नांदायला गेली का, आणि मगच वह्या उघडल्या. मित्रांनो, हिंगण्याच्या त्या गार खोलीत मी आठ वर्षांत जे कमावलं नाही, ते इथे मला एका शनिवारी मिळालं.

आता ती सवय सांगतो, जिच्यामुळे सगळं घडलं.

माझ्या पोटात एक दिवा आहे. तो ठरावीक तास चालतो आणि मग जातो. नवा दिवा महाग. मुख्याध्यापक मनोहररावांना त्या दिव्याची फार काळजी. माणूस वाईट नाही. शाळेचा नळसुद्धा थेंबभर गळला तर त्यांना चैन पडत नाही. त्यांनी ओमप्रकाशभाऊंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फिल्म संपली की लगेच बंद करायचा. शेवटी ती नावांची रांग येते ना, ती कुणी पाहत नाही. दिवा फालतू जळतो."

झालं. चादरीवर पहिलं नाव उगवायचा अवकाश, ओमप्रकाशभाऊंचा हात वर यायचा आणि टक्. मुलं दप्तरं उचलायची. कुणी डोंगरावर महिनाभर बसून ते चित्रण केलं, कुणी त्याचं बोलणं लिहिलं, कुणी सामान वाहिलं, ते सगळे उगवताच मावळायचे. तीन वर्षं मी हे होऊ दिलं. पुढेपुढे तर मला इतकी सवय झाली की नावं दिसली की मलाच पेंग यायची. ही माझी पहिली चूक, आणि ती मी कबूल करतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मॅडमनी एक नवी फिल्म लावली. नाव होतं 'हात ओळखतात'. बावीस मिनिटांची. काटोलच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगाशी बसून फळं निवडणाऱ्या बायांची. त्या फळाकडे बघतही नाहीत. हातात घेतलं की लहान कुठलं, मोठं कुठलं, आतून सुकलेलं कुठलं, हे हातालाच कळतं. मुलं अशी गप्प बसली की माझ्या पंख्याचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. गार्गी नावाची एक मुलगी आठवीत आहे. तिची आई भाजीच्या दुकानात बसते. ती पुटपुटली, "माझी आई कांदे असेच निवडते." मग नावं आली आणि टक्.

ही फिल्म सगळ्या शाळेने पाहिली. मग मनोहररावांनी पाहिली आणि त्यांना डोहाळे लागले. डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं. ही फिल्म मैदानावर मोठ्या पडद्यावर दाखवायची, सगळ्या लेआउटमधल्या, म्हणजे आसपासच्या वस्तीतल्या लोकांना बोलवायचं, पैशाचे पास ठेवायचे आणि त्यातून शाळेला पाण्याची टाकी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. मैदानावर नेट चालत नाही म्हणून फिल्म आधीच लॅपटॉपवर उतरवून घ्यायची.

गोपिका मॅडम म्हणाल्या, "सर, ही फिल्म कुणीतरी केली आहे. त्यांना विचारायला नको का?"

"अहो मॅडम, नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचीच झाली ना! आणि तुम्ही महिन्याला पैसे भरता की नाही?"

"भरते."

"मग? आपल्या पैशाची वस्तू आपण दाखवून राहिलो. त्यात काय झंझट?"

मॅडम गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या हे त्यांना पुढे फार लागलं. पैसे त्यांनी घरात बसून पाहायचे भरले होते. साऱ्या लेआउटला पास फाडून दाखवायचे नव्हते. हे त्यांच्या मनात आलं होतं, पण टाकी हवी होती, सर उत्साहात होते, आणि वाईट दिसेल म्हणून तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

संमेलनाच्या दिवशी दिवेलागणीला मैदान भरलं. फ्लेक्सवर किराणा दुकानदाराचं नाव, मंडपवाल्याचं नाव, बिल्डरचं नाव. फिल्म करणारीचं नाव कुठेच नाही. पहिल्या रांगेत स्वच्छ पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ येऊन बसले होते. पायाशी पिशवी, तिच्यात संत्री. हे काटोलचे भैयाजी डांगोरे. यमुताईंनी त्यांना बाजारात गाठून सांगितलं होतं की, तुमच्या कामिनीचा सिनेमा आमच्या सूनबाईच्या शाळेत लावून राहिले. कामिनी ही भैयाजींची मुलगी. ती फिल्म तिने केली होती. भैयाजींकडे ना ते खातं, ना तसला फोन. पोरीचं काम त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. म्हणून ते बसने आले, सगळ्यांसारखा पास घेतला आणि पहिल्या रांगेत बसले.

बावीस मिनिटं त्यांनी पापणी हलवली नाही. मी त्यांच्याकडे पाहत होतो, कारण माझा उजेड पडद्यावरून परत त्यांच्याच तोंडावर पडत होता. शेवटची टोपली उचलली गेली, पडदा काळा झाला, आणि भैयाजींनी टोपी नीट केली. आता नाव येणार म्हणून.

टक्.

मैदानावरचे दिवे लागले. मनोहररावांनी माइक घेतला. किराणा दुकानदाराचे आभार, मंडपवाल्याचे आभार, बिल्डरचे आभार. भैयाजी उभे राहिले.

"गुरुजी, नाव काहून बंद केलं?"

मनोहररावांना काही कळलं नाही. "कोणतं नाव?"

"माह्या पोरीचं. शेवटी येते म्हणे. मी काटोलवरून त्याच्यासाठीच आलो."

मनोहरराव हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अरे वा, तुमच्या मुलीने केली का ही? फार छान, फार छान."

"तिले विचारलं होतं का तुम्ही?" भैयाजींचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "नाही, सांगा ना. माह्या बगिच्यातलं फळ तोडाचं असलं तर व्यापारी मले विचारते. न विचारता तोडलं तर त्याले काय म्हणते, थे तुम्ही लेकरायले शिकवतच असान."

भैयाजींनी संत्र्यांची पिशवी टेबलावर, अगदी माझ्या शेजारी ठेवली. "लेकरायसाठी आणली होती. त्यायले द्या," म्हणाले, आणि शेवटची बस गाठायला निघून गेले. ओमप्रकाशभाऊ फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले, आणि तिथून परत आले. मित्रांनो, त्या रात्री माझा दिवा गार व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मला शरम वाटली. हो, शरम. ही माझी दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी.

चार दिवसांनी शाळेच्या ईमेलवर कामिनीताईंचं पत्र आलं. चार ओळींचं. दंड नको होता त्यांना, माफीचा कागदही मागितला नव्हता. पास ठेवून फिल्म दाखवली ती कुणाला विचारून, आणि नावं आल्यावर बंद का केली, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मनोहररावांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कायदा, कोर्ट, पोलीस, सगळं त्यांना एकदम दिसायला लागलं. त्यांनी त्याच दिवशी फर्मान काढलं की या शाळेत यापुढे एकही व्हिडिओ लागणार नाही. शनिवारचे दोन तास गणिताला दिले. मला कपाटात घातलं आणि माझ्या छातीवर कागद चिकटवला, 'वापरण्यास सक्त मनाई'. परीक्षा झाल्या की मला भंगारात द्यायचं ठरलं. "चोरीच्या कामाची वस्तू शाळेत नको," असं ते म्हणाले.

इथे, मित्रांनो, माझं डोकं फिरलं. चोरीच्या कामाची वस्तू? मैदानावर जे झालं ते वाईट झालं, कबूल. पण तीन वर्षं मी वर्गात बसून जी हिमनदी दाखवली, जो ज्वालामुखी दाखवला, तीही चोरी? माझ्या शेजारी कपाटात जुने नकाशे होते, खो-खोचे करंडक होते, खडूचे डबे होते. नकाशासुद्धा कुणीतरी काढलेलाच असतो. त्याच्यावर नाही लागला कागद. स्वतःची चूक झाली की माणसं यंत्राला कोंडतात आणि वर म्हणतात, बघा, आम्ही नियम पाळला! भीतीला नियमाचे कपडे घातले की ती रुबाबदार दिसते. पण ती भीतीच. मी त्या अंधारात ठरवलं की मला बाहेर काढलं तर मी एक नावही बुडू देणार नाही. आणि नाही काढलं, तर भंगारवाल्याच्या तराजूतसुद्धा भिंग वर करूनच बसेन.

तिकडे गोपिका मॅडमही गप्प बसल्या नव्हत्या. एकदा गप्प बसण्याचा फटका त्यांनी खाल्ला होता. त्यांनी कॉपीराइटचा कायदा काढून वाचला, आणि मग त्या घरच्या खात्याच्या अटी वाचल्या, ज्यांना त्यांनी न वाचताच 'मान्य' म्हटलं होतं. एक दिवस त्या कागद घेऊन कार्यालयात आल्या. माझं कपाट तिथेच आहे, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला.

"सर, आपण चुकलो ते मैदानावर. वर्गात नाही."

"मॅडम, आता तो विषय नको."

"विषय आहे सर. कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. शाळेच्या कामात, फक्त आपली मुलं, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंध असलेली माणसं बसली असतील, तर त्यांना फिल्म दाखवणं हा हक्कभंग नाही. आपण बाहेरच्या लोकांना पास देऊन बोलावलं आणि त्यासाठी फिल्म उतरवून घेतली, तिथे आपण रेषा ओलांडली."

"मग तुमच्या त्या खात्याचं काय?"

"ती माझी चूक. ते खातं फक्त घरासाठी आहे, असं मी कबूल केलं होतं. कायदा काही म्हणो, दिलेला शब्द मी मोडला. ते खातं आता शाळेत उघडणार नाही. पण म्हणून सगळंच बंद? शाळांना दाखवायला खुल्या ठेवलेल्या फिल्म आहेत. बाकीच्यांना पत्र लिहून विचारता येतं. विचारायला काय लागतं सर?"

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. "विचारलं आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही दाखवायची."

"आणि हो म्हणाले, आणि उद्या पुन्हा काही लफडं निघालं तर? नाही मॅडम. दोन वर्षं राहिली माझी. मला शांतपणे जाऊ द्या."

मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी व्हरांड्यात उभं राहूनच कामिनीताईंना फोन लावला. आधी माफी मागितली. टाकीचं, गप्प बसण्याचं, सगळं सांगितलं. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण मॅडमनी नंतर ते ओमप्रकाशभाऊंना जसंच्या तसं सांगितलं. कामिनीताई म्हणाल्या होत्या, "मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर मी फुकट दिली असती. पण न विचारता फुकट नेली ना, त्याचा राग आहे. बाबा दोन दिवस जेवले नाहीत."

तरीही त्या बाईने शाळेला लेखी परवानगी पाठवली. सोबत फिल्मही पाठवली, शाळेसाठी वेगळी. पासांचे पैसे बाजारातल्या त्या बायांकडे पोचवायला सांगितले, आणि ते पोचवले गेले. फिल्मसाठी त्यांनी एकच अट घातली. शेवटचं नाव जाईपर्यंत कुणी उठायचं नाही.

परवानगी आली, पण मनाईचा कागद माझ्या छातीवर तसाच होता. सर ऐकेनात. आणि मग एका शनिवारी सकाळी कपाटाला चाबी लागली. ओमप्रकाशभाऊ होते. त्यांनी मला बाहेर काढलं, बाहीने भिंग पुसलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नावं मीनंच बंद केली होती गा. आता मीच लावतो."

चादर लागली. फ्लेक्स लागले. मुलं आली. मागच्या बाकावर भैयाजी येऊन बसले. मॅडमनी त्यांना काटोलला जाऊन, घरी जाऊन बोलावलं होतं. एवढ्यात दारात मनोहरराव.

"हा कुणी काढला?"

"मी काढला सर," ओमप्रकाशभाऊ म्हणाले.

"मी लिहून चिकटवलं होतं ना?"

"हाव सर. वाचलं मी."

एकवीस वर्षांत त्या माणसाने सरांना उलट उत्तर दिलं नव्हतं. मॅडमनी पुढे होऊन कामिनीताईंचं पत्र आणि कायद्याचं ते पान टेबलावर ठेवलं. "सर, वाचून घ्या. आणि तरी बंद करायचं असेल, तर मुलांना तुम्ही स्वतः सांगा का बंद ते. मी सांगणार नाही."

मनोहररावांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. शाळेचं नाव आहे का, सही आहे का, तारीख आहे का, ते पाहिलं. मग त्यांना शेवटची पळवाट आठवली. "आणि दिवा? दिव्याचे तास संपत आले आहेत. गेला तर?"

"जाऊ द्या ना सर," ओमप्रकाशभाऊ म्हणाले. "दिवा त्याच्यासाठीच असते."

मागच्या बाकावर भैयाजी थोडे सरकले आणि त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली. "बसा गुरुजी."

मनोहररावांनी पत्राची घडी घातली. मग जाऊन बसले.

मित्रांनो, मी लागलो. तीन महिने बंद राहिल्यामुळे सुरुवातीला उजेड पिवळट आला. पाचव्या मिनिटाला माझ्या कपाळावर लाल दिवा लुकलुकायला लागला. याचा अर्थ मोठा दिवा आता कधीही जाईल. मी मनात म्हटलं, जाशील तेव्हा जा, पण आज नाही. पोटात आग होत होती, पंखा घरघरत होता. टोपल्या उचलल्या गेल्या, हात फिरले, संत्री आपापल्या ढिगात गेली. शेवटची टोपली उठली. चादर काळी झाली.

ओमप्रकाशभाऊंचा हात सवयीने वर आला. तो हात माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला, आणि मग त्यांनी तो पँटच्या खिशात घातला.

पहिलं नाव आलं. सुमन वासुदेव चौधरी. मग पंचफुला गणपत उईके. मग बेबी शंकर राऊत. त्या फिल्ममध्ये जितक्या जणींचे हात होते तितक्या बायांची पूर्ण नावं होती, एक्केचाळीस. बाजारात ज्यांना 'ए बाई' याखेरीज कुणी काही म्हणत नाही, त्यांची. आणि तीन वर्षं आम्ही असल्याच नावांवर टक् करत आलो होतो! गार्गीने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मग दुसऱ्या बाकावरून, मग सगळीकडून. कुणी सांगितलं नव्हतं. एकही दप्तर हललं नाही. मनोहररावांचेही ओठ हलत होते.

शेवटी एक ओळ आली आणि थांबली. कामिनी भैयाजी डांगोरे.

सगळ्या वर्गाने ती एका आवाजात वाचली. भैयाजी चादरीकडे बघत राहिले. मग शेजारच्या मनोहररावांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "माहं बी नाव आहे गा त्याच्यात."

मी विझल्यावर मनोहरराव उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या छातीवरचा तो मनाईचा कागद नखाने सोलून काढला. अर्धा निघाला, अर्धा अजून आहे.

त्या दिवशी दिवा गेला नाही. अजूनही गेलेला नाही. लाल दिवा दर शनिवारी लुकलुकतो आणि मी दर शनिवारी त्याला जुमानत नाही. आता शाळेतून पत्रं जातात. कुणी हो म्हणतं, त्यांची फिल्म लागते. कुणी नाही म्हणतं, त्यांची लागत नाही. एकाचं अजून उत्तरच आलेलं नाही. मुलं दर आठवड्याला विचारतात आणि मॅडम म्हणतात, वाट पाहू. यमुताईंच्या मालिकेत आता कुणी अडथळा आणत नाही.

मी फार दिवस टिकणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला भंगारात नेणाऱ्याने एकदा माझ्या डोक्याकडे बघावं. पासवर्डची जुनी चिकटपट्टी तिथून निघाली आहे. त्या जागी ओमप्रकाशभाऊंनी आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात मार्करने लिहिलं आहे, 'नावं संपेपर्यंत बंद करू नये'. हीच माझी विनवणी समजा, मित्रांनो, आणि हाच माझा हट्ट. तुमच्या शाळेत, तुमच्या घरी, हातातल्या फोनवर, कुठेही काही पाहाल, तर शेवटी जी माणसं रांगेने येतात ती येऊ द्या. त्यांची वस्तू हवी असेल तर आधी त्यांना विचारा. आणि पडद्यावर ती उभी असताना तुम्ही उठून जाऊ नका. मी तर जाणार नाही. बटणाकडे कुणाचा हात येतो, ते मी बघतोच आहे.